सहा जणांशिवायची सरासरी

शांती नगर, मीरा रोड
२३ जून २०२४

आत्माकाका,

कान कसे आहेत हे विचारत नाही, कारण मशीन तुम्ही परत कपाटात ठेवलं असणार. मागच्या वेळी फोन केला तेव्हा शेजारच्या नाथाने तो घेतला, माझं एकेक वाक्य तुमच्या कानाशी ओरडून सांगितलं, आणि माझ्या सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन अख्ख्या आळीला कळलं. म्हणून आता कागद. शाळेत असताना माझ्या वहीत तुम्ही लाल शाईने 'अक्षर गिचमिड' लिहायचात. त्यात फारसा फरक पडलेला नाही, सांभाळून घ्या.

काम शाळेचंच आहे. यंदा मला दहावी दिली आहे. गणित शिकवायचं आणि वर्गही सांभाळायचा. शिक्षणसेवक म्हणून हे माझं तिसरं आणि शेवटचं वर्ष. पुढच्या जूनमध्ये कायम होईन, सगळं नीट पार पडलं तर.

परवा उजळणी म्हणून सांख्यिकी घेत होते. फळ्यावर 'मध्य' लिहिलं आणि शेजारी 'सरासरी'. तर चंपा उठली. ही मुलगी घोडबंदर रस्त्यावरच्या चेण्याहून येते, दोन बस बदलून. म्हणाली, "बाई, मध्य समजला. मधला. पन सरासरी म्हंजे काय?"

मी म्हटलं, सगळ्यांची बेरीज करायची आणि जितके आहेत तितक्यांनी भागायचं.

"ता कसा करायचा ता समजला, बाई. म्हंजे काय?"

वर्ग हसला. मला हसू आलं नाही, कारण मलाही ते माहीत नव्हतं. दहा वर्षं शिकवतेय, आधी क्लासमध्ये आणि मग शाळेत, आणि कधी डोक्यात आलं नाही की हा शब्द कुठून आला असेल. तुमच्याकडे तो जाडा जुना शब्दकोश आहे, शिवाय तुम्ही आहात. लवकर कळवा. चंपा वर्गात अजून किती दिवस दिसेल सांगता येत नाही, आणि तिला उत्तर न देता जाऊ द्यायचं नाही.

तुमची,
समिधा

म्हसळा
६ जुलै २०२४

समिधा,

तुझं पत्र तीनदा वाचलं. अक्षर खरोखरच सुधारलेलं नाही. पण पस्तीस वर्षं गणित शिकवून असा प्रश्न मला एकाही पोराने विचारला नाही, म्हणून तुझ्या त्या चंपाचा मला हेवा वाटला. म्हणजे तुझा वाटला.

आता ऐक. शब्द फारसीतला. 'सर' म्हणजे डोकं. सरदार, सरपंच यांतला सर तोच. त्यावरून 'सरासर'. या डोक्यापासून त्या डोक्यापर्यंत, या टोकापासून त्या टोकापर्यंत, काही न वगळता सगळंच्या सगळं. कोशात 'संपूर्ण' असाही अर्थ दिला आहे. तोच शब्द आपल्याकडे येऊन सरासरी झाला. भागाकार नंतरचा. आधी अट ही, की एक टोक धरलंस तर दुसरं टोक सोडायचं नाही.

माझे वडील शेताचा अंदाज असाच घ्यायचे. चार मुठी भात मधल्या भरल्या जागेतून, चार बांधाच्या कडेचं, चार झाडाच्या सावलीतलं, जिथे लोंब्या पोचट निघतात. मी लहानपणी म्हटलं होतं, सावलीतलं कशाला, ते वाईटच असतं. ते म्हणाले, ते काय दुसऱ्याच्या शेतात उगवलंय?

इंग्रजीतल्या 'अ‍ॅव्हरेज'ची गोष्ट तर याहून चांगली. मूळ अरबी असावं असं जाणकार म्हणतात, आणि अर्थ मालातला बिघाड, नुकसान. जुन्या काळी गलबत वादळात सापडलं की ते हलकं करायला काही माल समुद्रात टाकावा लागे. कोणाचा टाकायचा? जो हाताला लागेल त्याचा. पण मग बंदराला पोचल्यावर ज्यांचा माल वाचला त्या सगळ्यांनी ते नुकसान वाटून घ्यायचं. ज्याचा माल गेला तो एकटा बुडायचा नाही. हे वाटून घेणं म्हणजे अ‍ॅव्हरेज. बघ, दोन शब्द दोन बाजूंनी चालत आले आणि एकाच गोष्टीपाशी थांबले.

हे सगळं तिला सांग. आणि 'किती दिवस दिसेल' म्हणजे काय? दहावीतल्या मुलीचं लग्न ठरवताहेत की कामाला लावताहेत? तिच्या आईबापांना जाऊन भेट. माझं नाव सांगून दम दे. अशा लोकांना समजावत बसायचं नसतं.

आत्माराम

शांती नगर, मीरा रोड
२१ जुलै २०२४

आत्माकाका,

तुमचं पत्र वर्गात वाचलं. गलबताची जागा मुलांनी परत वाचायला लावली. चंपाने शेवटी विचारलं, "म्हंजे कोनाला सोडला तर ती सरासरी न्हाय?" मी म्हटलं, नाही.

आता जे तुमच्यापासून लपवलं ते सांगते. तिचे आईबाप काही करत नाहीयेत. करतेय ती शाळा.

नववीत ज्यांना चाळीस टक्क्यांहून कमी पडले अशी सहा मुलं दहावीत आली आहेत. चंपा त्यांतली एक. जूनमध्ये शाळा उघडली त्याच आठवड्यात आमच्या मुख्याध्यापिका मनोरमा मॅडमनी मला सहा नावांची यादी दिली. या मुलांच्या पालकांना बोलवायचं, दाखला घेऊन जा आणि सतरा नंबरचा फॉर्म भरा असं सांगायचं. म्हणजे मूल बाहेरून परीक्षेला बसणार, आणि त्याचा निकाल शाळेच्या नावावर येणार नाही. सोबत छापील अर्ज. 'मी माझ्या पाल्याचा दाखला स्वेच्छेने मागत आहे.' खाली पालकाची सही आणि वर्गशिक्षकाची. वर्गशिक्षक म्हणजे मी.

संस्थेच्या तीन शाळा आहेत आणि दर वर्षी तिघींच्या दहावीच्या टक्क्यांची सरासरी शेजारी शेजारी मांडतात. आमची ऐंशीच्या वर ठेवायची आहे. मॅडम वाईट नाहीत, काका. मराठी माध्यमाची शाळा आहे, दर वर्षी एखादी तुकडी कमी होते. निकाल घसरला तर पुढच्या वर्षी पहिलीत कोणी येणार नाही अशी त्यांना भीती आहे, आणि ती खोटी नाही.

मी महिनाभर अर्ज कपाटात ठेवले. शुक्रवारी मीटिंगमध्ये मॅडमनी सगळ्यांसमोर विचारलं. मी तुमचं पत्र काढलं आणि 'सरासर'चा भाग वाचून दाखवला. कोणीतरी मागे खोकलं. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "समिधा, शब्दाचं छान आहे. पण संस्थेला आकडा द्यायचा असतो, अर्थ नाही."

मी म्हटलं, "मॅडम, चव्वेचाळीसातली सहा काढून अडतिसांची जी काढाल ती सरासरी नाही. ती निवड आहे. निवड असं लिहा, मी सही करते."

मला वाटतं माझा आवाज चढला होता. सोमवारी मेमो मिळाला. कामात असहकार, सात दिवसांत खुलासा. घरी अभिनव म्हणाला, बायकोची नोकरी जाणार, आता काय करणार? मी म्हटलं, खुलासा. दोन ओळींचा लिहिला. सही करणार नाही, कारण पालकांची इच्छा नाही, हे मला माहीत आहे.

खरं सांगायचं तर हे मला तेव्हा पूर्ण माहीत नव्हतं. पालकांशी अजून बोलले नव्हते. आता जाणार आहे.

समिधा

म्हसळा
२ ऑगस्ट २०२४

समिधा,

पत्र पोचलं. तू घाई केलीस. माझं पत्र शब्दाबद्दल होतं, ते मीटिंगमध्ये वाचायला नव्हतं.

तिसरं वर्ष आहे. कायम झालीस की पुढची तीस वर्षं कितीतरी मुलांचं भलं करशील. सहांसाठी ती घालवू नकोस. सही कर. त्या सहांना रविवारी घरी बोलावून शिकव, बाहेरून बसली तरी पास होतीलच की. परीक्षा तीच असते. मॅडमना भेटून दिलगिरी व्यक्त कर, त्यात कमीपणा नाही.

चेण्याला जाऊ नकोस. पालकांना आशा लावून नंतर काही जमलं नाही तर ते जास्त वाईट.

पाऊस बरा आहे. लावणी झाली.

आत्माराम

शांती नगर, मीरा रोड
१५ ऑगस्ट २०२४

काका,

तुमचं पत्र तुमचं वाटलं नाही. ज्यांनी आठवीत मला फळ्यासमोर उभं करून 'उत्तर बरोबर असेल तर माझ्याकडे बघू नकोस, फळ्याकडे बघ' असं सांगितलं, ते म्हणतात दिलगिरी व्यक्त कर. वय झालं म्हणून माणूस घाबरायला लागतो का? तुमच्या शाळेच्या ऑफिसात तुमचा फोटो आहे, खाली 'निकाल शंभर टक्के, मार्च १९९३'. आम्ही मुली त्या फोटोला नमस्कार करून परीक्षेला जायचो. त्या माणसाने असं लिहावं याचं वाईट वाटलं. स्पष्ट लिहिलं, राग येऊ दे.

चेण्याला मी गेले. चंपाची आई वासंती काकड्या आणि भेंड्या पिकवते आणि रस्त्याच्या कडेला बसून विकते. मी गेले तेव्हा पाटी रिकामी करून घरी आली होती. तो छापील अर्ज तिच्याकडे आधीच पोचला होता. माझं मन वळत नाही म्हटल्यावर ऑफिसातून अर्ज थेट मुलांच्या हाती दिले होते. तिने तो पाटावर ठेवला आणि म्हणाली, "बाई, माना वाचाला येत न्हाय. पोरीकडून वाचून घेतला. तिला इचारला, स्वेच्छेने म्हंजे काय? ती बोलली, आपल्या मनानं. मी बोलले, माजा मन कोनी इचारला?"

मी अर्ज हातात घेतला. ती म्हणाली, "माजी इच्छा न्हाय. मंग मी आंगठा कशाला देऊ?"

काका, मी खुलाशात लिहिलेलं वाक्य त्या दिवशी खरं झालं.

बाकीच्या पाच घरीही जाऊन आले. दोघांनी अर्जांवर सह्या करून टाकल्या होत्या, पण ते ऑफिसात दिले नव्हते, ते फाडले. नया नगरच्या सुमैयाचे वडील रिक्षा चालवतात, मूळचे श्रीवर्धनचे. ते म्हणाले, "बाई, आपण मॅडमना भेटू." भेटलो, सगळे एकदम. मॅडम हिंदीत बोलायला लागल्या, तर तेही हिंदीत म्हणाले, "मॅडम, ये तो सरासर नाइन्साफी है." ते रोजच बोलतात तसं बोलले. पण मी त्यांच्याकडे बघतच राहिले. शब्दकोशातून शोधून आणावा लागला तो शब्द आमच्या चौकात रोज उभा असतो.

सहा जणांच्या पालकांनी मिळून ठाण्याला शिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज केला आहे. लिहिला मी, आणि खाली माझंही नाव घातलं. शाळेने आता म्हणायला सुरुवात केली आहे की अर्ज पालकांनीच मागितले होते, आम्ही फक्त छापून दिले. हे खोटं आहे हे सिद्ध कसं करायचं ते मला कळत नाही.

समिधा

म्हसळा
२९ ऑगस्ट २०२४

समिधा,

राग आला नाही. हे पत्र मी चार दिवस लिहितोय.

त्या फोटोखाली लिहिलंय ते खरं आहे. तेवीस मुलं बसली आणि तेवीस पास झाली. पण वर्गात चोवीस होती. चोविसावा बबन.

बबन अभ्यासात मागे होता. त्याला इंग्रजी येत नव्हतं, गणित बरं होतं. तालुक्यात तोवर कोणत्याही शाळेचा निकाल शंभर टक्के लागलेला नव्हता आणि मी त्या वर्षीच मुख्याध्यापक झालो होतो. नोव्हेंबरात मी त्याच्या वडिलांना बोलावलं. ते मच्छीचा टेम्पो चालवायचे. त्यांना म्हटलं, मुलगा नापास होईल, तुमची आणि त्याची नाचक्की होईल, त्यापेक्षा दाखला घ्या. मी अर्ज पुढे केला. तू लिहिलंयस ते वाक्य, 'स्वेच्छेने मागत आहे', ते शब्दश: माझ्याही अर्जात होतं. कोणी मला शिकवलेलं नव्हतं. मी स्वत: बसून जुळवलं, कारण तो शब्द घातला की शाळेवर काही येत नाही. तुझ्या शाळेत तो आज छापील आहे. म्हणजे माझ्यासारखे बरेच होऊन गेले असणार.

तो नापास झाला असता का? एकतीस वर्षं मी स्वत:ला सांगतोय की झाला असता. पण मला ते माहीत नाही. कारण मी त्याला बसूच दिलं नाही.

बबन पुढे उरणला गेला, गोदीत लागला. त्याने कधी परत परीक्षा दिली नाही. दर गणपतीला गावी येतो, माझ्याकडे येऊन पाया पडतो. त्याला वाटतं सरांनी त्याची लाज वाचवली.

तुला थांब म्हटलं ते तुझ्या नोकरीच्या काळजीने म्हटलं, असं लिहून मोकळा होऊ शकलो असतो. काळजी होतीच. पण खरं कारण ते नाही. तू सहाजणांना बसवून दाखवलंस तर 'त्या वेळी दुसरा इलाज नव्हता' हे मला कोणाला सांगता येणार नाही. मला स्वत:लाही नाही.

सोबत दुसरा कागद जोडला आहे. माझ्या सहीने, माझ्या पत्त्यासह. असा अर्ज शाळा कशी तयार करते, पालकांना काय सांगते, 'स्वेच्छेने' हा शब्द कशासाठी घालते, हे एका मुख्याध्यापकाने स्वत: केलेल्या उदाहरणासकट लिहिलं आहे. बबनचं नाव त्यात घातलेलं नाही, तो अधिकार माझा नाही. माझं घातलं आहे. ठाण्याला दे. कोणी विचारलं तर मी येतो. कानाचं मशीनही लावतो.

गणपतीला बबन येईल. त्याला सांगायचं ठरवलं आहे.

आत्माराम

शांती नगर, मीरा रोड
२० ऑक्टोबर २०२४

काका,

तुम्हाला इतके दिवस लिहिलं नाही कारण काय लिहायचं ते सुचत नव्हतं. पत्र वाचून एक दिवस तुमचा राग आला, दुसऱ्या दिवशी माझाच आला. फोटोला नमस्कार आम्ही केला, तुम्ही करायला सांगितला नव्हता. तिसऱ्या दिवशी तुमचा कागद घेऊन ठाण्याला गेले.

सुनावणी महिन्याने लागली. संस्थेकडून एक वकीलसाहेब आणि मॅडम होत्या. आमच्याकडून सहा पालक आणि मी. वासंतीने त्या दिवशी भाजी विकायला जायचं सोडलं होतं. वकील म्हणाले, पालकांनी खुशीने मागितलं, अर्जात तसं लिहिलं आहे. मग अधिकाऱ्यांनी तुमचा कागद मोठ्याने वाचला. पूर्ण. मी मॅडमकडे बघितलं तर त्या टेबलाकडे बघत होत्या.

अधिकाऱ्यांनी विचारलं, हे गृहस्थ कोण? मी सांगितलं, माझे शिक्षक. त्यांनी विचारलं, यात त्यांचा काय फायदा? माझ्याआधी वासंती बोलली. "सायेब, फायदा असता तर असा कोन लिवतो?"

अधिकाऱ्यांच्या आदेशावरून सहाही मुलांचे फॉर्म शाळेतूनच भरले गेले आहेत. गुरुवारी. चंपाने फॉर्मवर सही करताना पेन इतकं दाबलं की कागद फाटायचा राहिला.

आता माझं. संस्थेने तोंडी कळवलं आहे की काम असमाधानकारक असल्याने मला कायम करणार नाहीत. लेखी एप्रिलमध्ये येईल. मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. दार लावलं. म्हणाल्या, "तुझं बरोबर आहे हे मला कळतं. पण शाळा बंद पडली तर सरासरी कोणाची काढशील?"

मी म्हटलं, "बंद पडायचीच असेल तर चव्वेचाळीसजणांसकट पडू दे."

त्या खिन्न हसल्या. म्हणाल्या, तुझ्या वयाची असताना मीही असंच काहीतरी बोलले असते. मग म्हणाल्या, त्या सहांचे जादा तास माझ्या खोलीत घे, तिथे पंखा चांगला आहे. काका, हे काय होतं ते मला अजून कळलेलं नाही. पण तास मी तिथेच घेतेय, रोज शाळेआधी.

बबनला सांगितलंत का?

समिधा

म्हसळा
७ नोव्हेंबर २०२४

समिधा,

सांगितलं. गणपतीच्या दुसऱ्या दिवशी. लिहायला दोन महिने लागले.

तो नेहमीसारखा आला. पाया पडायला वाकला तर मी त्याचे हात धरले आणि बसवलं. सगळं सांगितलं. निकालाचं, फोटोचं, अर्जाचं. तो ऐकत होता. आता त्याचे केसही पांढरे झालेत. मी थांबलो. मग म्हणाला, "सर, वडलांना विचारलंत. मला एकदा विचारायला हवं होतंत."

मी म्हटलं, हो.

म्हणाला, "मी बसलो असतो. नापास झालो असतो तरी बसलो असतो."

प्रसाद घेतला आणि गेला. जाताना पाया पडला नाही. मला ते बरोबर वाटलं. पुढच्या वर्षी येईल की नाही माहीत नाही, आणि ये म्हणून सांगायचा मला हक्क नाही.

दिवाळीच्या सुट्टीआधी शाळेत जाऊन आत्ताच्या मुख्याध्यापकांना म्हटलं, फोटो काढा. ते नको म्हणाले, शाळेचा इतिहास आहे. मग म्हटलं, ठेवा, पण खाली लिहा: 'वर्गातील विद्यार्थी चोवीस.' ते संकोचले. मी तिथेच बसून राहिलो. ऐकू येत नसल्याचा एक फायदा असतो, समोरचा माणूस नाही म्हणून म्हणून दमतो. संध्याकाळी शिपायाने ब्रश आणला.

तुझी नोकरी जाणार हे वाचून मी 'सांगितलं होतं' असं म्हणणार नाही. तू केलंस ते योग्य केलंस. हे मला तुला ऑगस्टमध्येच लिहायला हवं होतं.

आत्माराम

शांती नगर, मीरा रोड
१८ मे २०२५

काका,

निकाल लागला. चव्वेचाळीस बसले, एकेचाळीस पास. सहांतले चार पास झाले. सुमैयाला बासष्ट टक्के. दोन नापास. आणि यादीत ज्याचं नाव कधीच नव्हतं असा एक मुलगाही नापास झाला, नववीत एक्काहत्तर टक्के होते त्याला. म्हणजे आधी सहांना काढलं असतं तरी शंभर टक्के लागले नसतेच. शाळेची सरासरी एकोणसत्तर. संस्थेच्या तिन्ही शाळांत सगळ्यांत खाली. मॅडमनी तो आकडा स्वत:च्या हाताने सूचना फलकावर लिहिला.

सहांतल्या नापास झालेल्या दोघांत चंपा आहे. गणितात अठ्ठावन्न आहेत. इंग्रजीत एकोणतीस.

मी खूप रडले, तुम्हाला खोटं सांगत नाही. अभिनव म्हणाला, तू तिला पास करायचं वचन दिलं नव्हतंस. ते खरं आहे, पण रडायला त्याचा उपयोग होत नाही. मी तिला फोन केला, तर तीच म्हणाली, बाई, रडू नका, सहाच मार्कांचा प्रश्न हाय.

मला पत्र एप्रिलमध्ये मिळालं. 'सेवा समाप्त.' भाईंदर पूर्वेला एका शाळेत मुलाखत दिली. आधीची नोकरी का सोडली असं विचारलं. सोडली नाही, काढलं, असं सांगितलं, आणि का तेही सांगितलं. समोरच्या बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. अजून उत्तर नाही. पुढच्या ठिकाणीही हेच सांगणार आहे.

चंपाला तुमचा पत्ता दिला आहे. तिने मागितला.

समिधा

चेणे
२ जून २०२५

आत्माराम आजोबांना,

मी चंपा. बाईंच्या वर्गातली. तुम्ही मला ओळखत न्हाय पन तुमचं पत्र मी वर्गात ऐकलं हाय, आनि ठान्याला वाचलं तेसुद्धा आईनं सांगितलं. चुका झाल्या तर समजून घ्या, मराठी माझं चांगलं हाय पन लिहिताना घरचं येतं.

मी नापास झाले. बाईंना जास्त वाईट वाटलं. मला पन वाटलं. जूनच्या शेवटी परत पेपर हाय, त्याचा फॉर्म भरला. बाई रोज सकाळी शिकवतात, आता त्यांच्या घरी. फी घेत न्हाय म्हनून आई काकड्या पाठवते.

आज शाळेत मार्कशीट वाटली. मी गेले. लाइन लागली होती. क्लार्क बोलले, पास झालेल्यांनी आता घ्या, नापासवाले दुपारनंतर या. दुसरा एक नापास पोरगा मागं वळला. मी त्याचा दप्तराचा बंद धरला. मी बोलले, सर, माझा हजेरी नंबर अकरा हाय. दहानंतर मी उभी राहनार. ते बोलले, तुला काय घाई हाय, नापास तर हायस. मी बोलले, घाई न्हाय. नंबर हाय. मनोरमा मॅडम दारात होत्या. त्या काय बोलतील असं वाटलं. त्या बोलल्या, नंबराप्रमाने द्या सगळ्यांना.

मी अकराव्या नंबरला घेतली. त्यावर माझं नाव, आईचं नाव आनि शाळेचं नाव छापलंय.

घरी आले तर शेजारची बाई आईकडं बसली होती. तिनं विचारलं, पोरीचं काय झालं? मला वाटलं आई विषय बदलेल. आईनं मार्कशीट हातात घेतली, तिला वाचता येत न्हाय तरी सरळ धरली, आनि मोठ्यानं बोलली, "परीक्षेला बसली. नापास झाली. परत बसनार हाय."

मंग आई शेजारच्या बाईला बोलली, चा घे.

चंपा